सेंटओएस ७ वरून उबुंटू २४.०४ वर जाताना पोस्टग्रेस कुठून घ्यायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सेंटओएस ७ या लिनक्सवर चालतंय आणि त्याचा डेटाबेस म्हणजे सेंटओएससोबतच आलेलं पोस्टग्रेस ९.२ आहे. आता नवीन मशीन आलंय, त्यावर उबुंटू २४.०४ हे दुसरं लिनक्स टाकून झालंय. सभासदांची नावं काही मराठीत, काही गुजरातीत, काही इंग्रजी लिपीत. पोस्टग्रेस कसं टाकावं यावर चौघांनी चार सल्ले दिले: उबुंटूचंच पॅकेज घ्या, पोस्टग्रेसवाल्यांची स्वतःची रेपॉझिटरी (पॅकेजचं भांडार) जोडा, डॉकरमध्ये (बंद डब्यासारख्या कंटेनरमध्ये) चालवा, सोर्स कोड आणून स्वतः कंपाइल करा. सॉफ्टवेअर देणाऱ्याचा माणूस तर म्हणतोय, एवढा विचार कशाला, डेटाचं फोल्डर उचला आणि नव्या मशीनवर ठेवा.

या शेवटच्या सल्ल्यापासून सुरू करतो, कारण पाचांत घातक तोच आहे.

९.२ चं फोल्डर नव्या १६ व्या आवृत्तीला दिलंत तर ती सुरूच होणार नाही. फोल्डरमध्ये आवृत्तीचा आकडा लिहिलेली एक छोटी फाइल असते. ती वाचून पोस्टग्रेस सांगतं की हे फोल्डर माझ्या कामाचं नाही, आणि थांबतं. इथपर्यंत नुकसान काही नाही. पण मग कुणीतरी हुशारी करतं: नव्या मशीनवर ९.२ च कंपाइल करून टाकतं आणि त्याच्या हाती जुनं फोल्डर देतं. ते मात्र सुरू होतं, लॉगिन होतं, रिपोर्ट निघतात, सगळे खूश. आणि काही दिवसांनी काउंटरवर सभासद उभा असतो, पासबुक हातात असतं, नाव टाकलं की 'सापडत नाही' असं येतं. नोंद तर टेबलमध्ये आहे.

कारण असं. मजकुराचा क्रम कसा लावायचा हे जुनं पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, खालच्या लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारतं. इंडेक्स म्हणजे त्या क्रमाने लावलेली यादी. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. सेंटओएस ७ मध्ये २.१७ आहे, उबुंटू २४.०४ मध्ये २.३९. म्हणजे सभासदांची नोंदवही एका कारकुनाने एका वर्णक्रमाने लावली आणि शोधायला बसला तो दुसऱ्याच वर्णक्रमाची सवय असलेला. नाव ज्या पानावर असायला हवं तिथे तो बघतो, दिसत नाही, 'नाही' म्हणून सांगतो. त्याहून वाईट म्हणजे 'नाही' असं समजून त्याच सभासदाची दुसरी नोंद होऊ शकते, युनिक इंडेक्स असूनसुद्धा. मागाहून रीइंडेक्स करायला गेलात की तेव्हा ती दुबार नोंद आडवी येते. एरर लॉगमध्ये याचा मागमूस नसतो. म्हणून हा दोष भयंकर.

तेव्हा फोल्डर उचलायचं नाही. डंप (सगळ्या डेटाची उतरवून घेतलेली प्रत) काढायचा आणि नव्यात भरायचा. डंपमध्ये फक्त मजकूर जातो, इंडेक्स नव्या मशीनवर नव्या नियमांनी पुन्हा बांधले जातात, आणि हा सगळा प्रश्नच मिटतो.

आता मुख्य प्रश्न, पॅकेज कुठलं. या चार वाटांची तुलना लोक वेगावरून, 'लेटेस्ट' आहे का यावरून करतात. मी एकच गोष्ट विचारतो: तुम्ही गणपतीत गावाला गेलेले असताना सुरक्षेची दुरुस्ती आली, तर ती कोण चढवणार? पोस्टग्रेसचं वेळापत्रक ठरलेलं आहे. दरवर्षी एक मोठी आवृत्ती, तिला पाच वर्षं आधार, आणि फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर या महिन्यांत छोट्या दुरुस्ती-आवृत्त्या. छोट्या आवृत्तीत डेटाचं स्वरूप बदलत नाही, नुसता प्रोग्राम बदलून रीस्टार्ट होतो. मोठ्या आवृत्तीत बदलतं. हा फरक डोक्यात पक्का असेल तर पॅकेजचे बाकीचे निर्णय सोपे होतात.

तुमच्या संस्थेत कॉम्प्युटर बघणारा माणूस एक, म्हणजे तुम्हीच. म्हणून तुम्हाला माझा सल्ला: उबुंटूचं स्वतःचं पॅकेज घ्या, आवृत्ती १६. ते उबुंटूच्या मुख्य भांडारात आहे, छोट्या आवृत्त्या सुरक्षा-अपडेटच्या वाटेने येतात, आणि उबुंटू सर्व्हरवर मुळातच चालू असलेली अनअटेंडेड अपग्रेड ही सोय त्या आपोआप चढवते. मकरपुऱ्याच्या कारखान्यांसाठी मी स्वतः बहुतेक वेळा पोस्टग्रेसची रेपॉझिटरी वापरतो, तरीही तुम्हाला हेच सांगेन. तिथे बघायला माणसं आहेत. आणि बाहेरून जोडलेली रेपॉझिटरी अनअटेंडेड अपग्रेडच्या यादीत आपोआप येत नाही, मुद्दाम घालावी लागते. ते राहून जातं आणि तीन वर्षांनी १६.० तसंच चालू असलेलं सापडतं.

'पण १६ जुनी झाली ना?' हा आक्षेप मला ठाऊक आहे. पोस्टग्रेसचा १६ ला आधार नोव्हेंबर २०२८ पर्यंत आहे. तुमचं आत्ताचं ९.२ सप्टेंबर २०१२ चं आहे, त्याचा मूळ आधार नोव्हेंबर २०१७ मध्येच संपला. पुढे रेड हॅटने दुरुस्त्या मागे नेऊन त्यावर चढवल्या म्हणून ते निभावलं, आणि ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ च संपल्यावर तीही वाट बंद झाली. या पार्श्वभूमीवर १६ की १७ हा वाद घालण्यात वेळ घालवू नका.

टाकण्याच्या दिवशी सेंटओएसची सवय तुम्हाला फसवेल, त्याबद्दल जरा विस्ताराने. रेड हॅटच्या घराण्यात पॅकेज टाकलं की फक्त प्रोग्राम येतो, डेटाचं फोल्डर तुम्ही स्वतः तयार करायचं, सेवा तुम्ही सुरू करायची. डेबियन-उबुंटूचा विचार उलटा: पॅकेज टाकलं की ते वापरण्याजोगं असलंच पाहिजे. म्हणून इन्स्टॉल होता होताच 'मेन' नावाचं एक क्लस्टर (एका पोस्टग्रेस सर्व्हरचा सगळा डेटाबेस-संच) तयार होतं आणि चालूही होतं. सेटिंगच्या फाइली डेटाच्या फोल्डरमध्ये शोधाल तर मिळणार नाहीत, त्या इटीसीखाली पोस्टग्रेसच्या फोल्डरात, आवृत्ती आणि क्लस्टरच्या नावाने असतात. सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीला 'पोस्टग्रेस'ची अवस्था विचारली की 'ॲक्टिव्ह, एक्झिटेड' असं उत्तर येतं आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरायचं नाही, ती नुसती छत्रीसेवा आहे. खरी सेवा '१६-मेन' या नावाने वेगळी चालते. सगळी क्लस्टर एका नजरेत बघायची तर पीजी_एलएसक्लस्टर्स चालवा: आवृत्ती, पोर्ट, चालू की बंद, डेटा कुठे, लॉग कुठे, सगळं एका ओळीत. डेबियनवाल्यांनी पोस्टग्रेससाठी केलेली ही व्यवस्था मला अजूनही लिनक्समधल्या उत्तम पॅकेजिंगपैकी एक वाटते, कारण दोन मोठ्या आवृत्त्या एकाच मशीनवर गुण्यागोविंदाने नांदतात.

पण याच आपोआपपणात एक खाच आहे, आणि मराठी-गुजराती डेटा असलेल्यांना ती नेमकी लागते. आपोआप तयार होणारं क्लस्टर त्या क्षणी जे लोकेल (भाषा आणि अक्षरांचं सेटिंग) लागू असेल ते उचलतं. ते नुसतं 'सी' असेल, आणि स्क्रिप्टमधून किंवा कंटेनरमध्ये टाकताना ते बरेचदा तसंच असतं, तर एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) एसक्यूएल-आस्की होतं. मग डेटाबेस अक्षरं ओळखत नाही, फक्त बाइट साठवतो. 'आई' या शब्दाची लांबी विचारली तर दोनाऐवजी सहा सांगतो. चुकीचे बाइट आले तरी मुकाट घेतो. हे सहा महिन्यांनी लक्षात आलं की दुरुस्ती म्हणजे पुन्हा डंप, पुन्हा भरणं आणि मधल्या बिघडलेल्या नोंदी हाताने तपासणं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी फक्त पोस्टग्रेस-कॉमन हे पॅकेज टाका. त्याच्या क्रिएटक्लस्टर नावाच्या सेटिंग फाइलमध्ये 'मेन क्लस्टर आपोआप करायचं का' अशी ओळ आहे, तिथे 'नाही' लिहून ती लागू करा. मग पोस्टग्रेस-१६ टाका. मग पीजी_क्रिएटक्लस्टरने स्वतः क्लस्टर करा, लोकेल 'सी डॉट यूटीएफ-८' देऊन. दहा मिनिटांचं काम आहे.

'सी डॉट यूटीएफ-८' का? कारण त्यात क्रम युनिकोडच्या आकड्यांनुसार लागतो आणि लिनक्स बदललं म्हणून तो क्रम सहसा हलत नाही, वर सांगितलेल्या इंडेक्सच्या रोगाला वावच कमी. पण सभासदांची छापील यादी त्या क्रमाने काढलीत तर अध्यक्ष नाराज होतील. आकड्यांच्या क्रमात आधी इंग्रजी लिपी, मग सगळी देवनागरी, मग सगळी गुजराती, आणि देवनागरीतही ळ हे ल आणि व यांच्या मध्ये. आपल्या वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ शेवटी. त्यासाठी आयसीयू ही वेगळी लायब्ररी आहे, पोस्टग्रेसमध्ये ती २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आली. तिच्यात मराठीचा क्रम तयार आहे, 'एमआर-एक्स-आयसीयू' या नावाने, गुजरातीचाही तसाच. यादीच्या क्वेरीत क्रमापुढे तो कोलेशन (क्रमाचा नियम) लिहिला की झालं. शिवाय आयसीयूची आवृत्ती पोस्टग्रेस नोंदवून ठेवतं आणि बदलली की इशारा देतं. दोन्ही लिप्या एकाच यादीत उच्चाराप्रमाणे मिसळून हव्या असतील तर मात्र कुठलाच कोलेशन कामाचा नाही. नावाचं रोमन रूप वेगळ्या कॉलममध्ये ठेवणं हाच उपाय.

(जाता जाता: 'वऱ्हाडपांडे' हे आडनाव दोन प्रकारे टाइप होतं. कुणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतं, कुणी साध्या र ला हलन्त देऊन न दिसणारा जोडक घालतं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, डेटाबेसला ती दोन वेगळी माणसं. हा पॅकेजचा प्रश्न नाही, पण स्थलांतर करताच आहात तर हेही साफ करून घ्या.)

डंप नेहमी नव्या आवृत्तीच्या पीजी_डंपने काढा, म्हणजे नव्या मशीनवरून जुन्या सर्व्हरला जोडून. तुमचं नशीब चांगलं आहे: १६ चं पीजी_डंप ९.२ पर्यंत मागचं ओळखतं, त्याच्याही आधीचं नाही. जुना सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनवर ऐकत असेल तर एसएसएचचा (सुरक्षित दूरजोडणीचा) बोगदा काढा, फायरवॉल उघडत बसू नका. युजर आणि त्यांचे पासवर्ड पीजी_डंपमध्ये येत नाहीत, ते पीजी_डंपऑलमधून 'फक्त ग्लोबल' असा पर्याय देऊन वेगळे काढायचे. नवा डेटाबेस आधी रिकामा तयार करा आणि त्यात भरा. डंपलाच डेटाबेस तयार करू दिलात तर तो जुनं लोकेल मागेल, उबुंटूवर ते तयार केलेलं नसेल आणि पहिल्याच ओळीत अडेल. त्याच्याही आधी जुन्या डेटाबेसचं एन्कोडिंग बघून घ्या. ते एसक्यूएल-आस्की निघालं तर भरताना 'अवैध बाइट' अशी तक्रार येणार, हे गृहीत धरून एक रविवार राखून ठेवा.

भरून झालं की ॲनालाइझ चालवा. क्वेरीचा जवळचा रस्ता ठरवायला पोस्टग्रेसला लागणारी आकडेवारी डंपमधून येत नाही, ती नसेल तर पहिल्या दिवशी प्रत्येक रिपोर्ट रखडतो आणि दोष नव्या मशीनवर येतो. मग दोन्हीकडून एकाच तारखेची तेरीज काढा आणि ताळा घ्या. ओळींची संख्या जुळणं पुरेसं नाही, पैसे जुळले पाहिजेत. ज्या गावात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ साली अन्योन्य सहकारी मंडळी काढली, तिथल्या पतसंस्थेला हे मी वेगळं सांगायला नको.

यानंतर हमखास येणारी अडचण लॉगिनची. पासवर्ड बरोबर आहे, तरी 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड'. जुन्या पोस्टग्रेसमध्ये पासवर्ड एमडी५ स्वरूपात साठवलेले आहेत, तेच तुम्ही आणलेत. १४ व्या आवृत्तीपासून मूळ पद्धत स्क्रॅम आहे आणि कुणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणारी उबुंटूची एचबीए फाइल नेटवर्कवरून येणाऱ्याकडे स्क्रॅमच मागते. एमडी५ चा साठा स्क्रॅमच्या दारात चालत नाही. उपाय: त्या युजरचा पासवर्ड पुन्हा एकदा सेट करा, तोच दिलात तरी चालेल. तुमचं सॉफ्टवेअर जावात आहे असं लिहिलंय, तर त्याला डेटाबेसशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर ४२.२ किंवा त्यानंतरचा हवा, त्याआधीच्यांना स्क्रॅम येत नाही. एचबीए फाइलमध्ये 'ट्रस्ट' (पासवर्ड न विचारताच आत घ्या) लिहून मोकळं होण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. आणि मशीनवर बसून थेट जोडताना 'पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड' आलं तर तो बिघाड नाही. लिनक्सचा युजर आणि पोस्टग्रेसचा युजर एकच असावा एवढंच तो म्हणतोय.

पोस्टग्रेसची स्वतःची रेपॉझिटरी कधी घ्यावी? डिस्ट्रोमध्ये (उबुंटूसारख्या लिनक्समध्ये) नसलेली मोठी आवृत्ती हवी असेल, वेगवेगळ्या डिस्ट्रोच्या मशीनवर एकच आवृत्ती ठेवायची असेल, किंवा ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस यांचे बदल वेगवेगळ्या दिवशी करायचे असतील तेव्हा. हे शेवटचं कारण सगळ्यात वजनदार. उबुंटूची पुढची एलटीएस (दीर्घकाळ आधाराची आवृत्ती) चढवाल तेव्हा तिच्यात पोस्टग्रेसची वेगळी मोठी आवृत्ती असेल. जुनं १६ काढलं जात नाही, चालत राहतं, पण अपडेटविना अनाथ. अशा वेळी पोस्टग्रेसच्या रेपॉझिटरीत नव्या उबुंटूसाठी १६ सुद्धा मिळतं, तोवर त्यावर राहता येतं. अर्थात लिनक्स बदललं की जीलिबसी बदलते हे तेव्हाही विसरायचं नाही.

ती जोडायची वेळ आली तर इंटरनेटवरच्या जुन्या आज्ञा चिकटवू नका. त्यांत ॲप्ट-की (रेपॉझिटरीची ओळख पटवणारी किल्ली घालायची जुनी आज्ञा) वापरलेली असते, ती पद्धत मोडीत निघाली आहे, कारण तशी घातलेली किल्ली सगळ्याच रेपॉझिटरींसाठी चालते. पोस्टग्रेस-कॉमन पॅकेजमध्येच रेपॉझिटरी जोडून देणारी स्क्रिप्ट आहे, ती वापरा. आणि पॅकेज मागताना आकड्यासकट मागा, 'पोस्टग्रेस-१६'. नुसतं 'पोस्टग्रेस' मागितलंत तर ते नेहमी नवीनतम मोठ्या आवृत्तीकडे बोट दाखवतं. वर्षभराने साधं अपग्रेड करता आणि शेजारी ५४३३ पोर्टवर एक रिकामं नवं क्लस्टर बसलेलं दिसतं. डेटा गेलेला नसतो, जुना ५४३२ वरच असतो, पण जीव खालीवर होतो.

रेड हॅटच्या घराण्यात, म्हणजे रॉकी किंवा अल्मा ८ आणि ९ वर, हीच रेपॉझिटरी घेताना डिस्ट्रोचं पोस्टग्रेस मॉड्यूल आधी बंद करावं लागतं, नाहीतर पॅकेज समोर असूनही तिथल्या पॅकेज टाकणाऱ्या डीएनएफला ते दिसेलच असं नाही.

डॉकरला माझा विरोध नाही, पण पतसंस्थेत तो कशासाठी? डॉकरमध्ये इमेज (तयार साचा) बदलणं हे अपडेट आणि ते तुमच्या हातात, म्हणजे गणपतीचा प्रश्न तसाच उरतो. शिवाय इमेजच्या पोटात स्वतःचं लिनक्स असतं. ऑगस्ट २०२५ च्या सुमारास पोस्टग्रेसची अधिकृत इमेज डेबियन १२ वरून १३ वर गेली, टॅग तोच, आत जीलिबसी २.३६ ची २.४१ झाली, आणि अनेकांना कोलेशन जुळत नसल्याचे इशारे दिसू लागले. अल्पाइन या छोट्या लिनक्सची इमेज तर जीलिबसीऐवजी मसल ही लायब्ररी वापरते, तिचा क्रमच निराळा. एकाच व्हॉल्यूमवर आज डेबियनची आणि उद्या अल्पाइनची इमेज लावणं म्हणजे फोल्डर उचलण्याचाच प्रकार.

कंपाइल करण्याबद्दल दोनच वाक्यं. पोस्टग्रेसच्या कोडमध्ये स्वतः बदल करत असाल तर जरूर करा. नसाल तर नको.

तुम्ही शेवटी विचारलंय की सॉफ्टवेअरवाला दुसऱ्या शाखेसाठी मायएसक्यूएल हा वेगळा डेटाबेस सांगतोय, तिथेही हेच का. तत्त्व हेच, पण कुठला मायएसक्यूएल ते आधी नक्की करून घ्या. मायएसक्यूएलची तेव्हाची मालक कंपनी सन हिला ओरॅकल घेणार हे ठरल्यावर मूळ लेखक मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्ये मारियाडीबी वेगळं काढलं. डेबियनने २०१७ च्या ९ व्या आवृत्तीपासून मूळ पॅकेज म्हणून मारियाडीबी धरलं, उबुंटूने मायएसक्यूएल ठेवलं. दोघांचे रस्ते आता बरेच फाकले आहेत. देवनागरीसाठी कॅरेक्टर सेट 'यूटीएफ८एमबी४' आहे का तेवढं बघा. नुसत्या जुन्या 'यूटीएफ८' मध्ये तीन बाइटपर्यंतच मावतं. आपली अक्षरं तीन बाइटची, ती बसतात. इमोजी चार बाइटची, ती अडते, आणि पत्त्याच्या रकान्यात इमोजी टाकणारा सभासद निघतोच.

आता रोजचं. आपोआप अपडेट सकाळी सहा ते सातच्या दरम्यान चालतात आणि पोस्टग्रेसचं अपडेट असेल तर तेव्हा ते रीस्टार्ट होतं. तुमचं काउंटर दहाला उघडतं, चालेल. पिग्मीवाले एजंट सकाळीच मोबाइलवरून भरणा टाकत असतील तर टायमर पहाटे तीनवर सरकवा. तीन पाळ्यांच्या कारखान्यात मी हे आपोआप ठेवत नाही, पॅकेज होल्डवर ठेवून ठरलेल्या रविवारी हाताने करतो. रोजचा डंप त्याच मशीनवर ठेवू नका, त्याच तळमजल्यावरही नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी कुठवर आलं होतं ते तुम्ही पाहिलंच आहे. आणि महिन्यातून एकदा तो डंप दुसऱ्या कुठल्यातरी मशीनवर भरून बघा.

जुनं सेंटओएसचं मशीन लगेच फॉरमॅट करू नका. स्थलांतराच्या दिवशी त्यावरचा डेटाबेस फक्त-वाचन करा, नेटवर्कची वायर काढा, पोस्टग्रेस व्यवस्थित बंद करून मशीन कपाटात ठेवा. मार्चअखेरचं ऑडिट नव्या मशीनवरून पार पडलं की मग ते मोडीत काढा, आणि त्याआधी डिस्क पुसून घ्या, तिच्यावर सभासदांचे केवायसी कागद असणार.